शेंबीच्या फोटोत स्पंज हवा

सिडनीच्या बंदराला भूगोलात पोर्ट जॅक्सन म्हणतात. या बंदरात आणि आसपास सापडणाऱ्या समुद्री शेंबींवर १८६४ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात लेख आला. लेखक जॉर्ज फ्रेंच अँगस मुळात चित्रकार. काही वर्षं तो सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचा सचिवही होता. लेखाबरोबर त्याने जिवंत प्राण्यांवरून काढलेली चित्रं दिली होती, आणि ती शोभेची नव्हती. समुद्री शेंबी म्हणजे अंगावर शंख न उरलेली गोगलगाय. अल्कोहोलमध्ये टाकली की तिचे रंग उडतात, शिंगं आणि कल्ले आक्रसतात आणि बरणीत एक फिकट गोळा उरतो. त्या गोळ्यावरून शरीररचना तपासता येते, पण जिवंतपणी ती कशी दिसत होती हे कळायला चित्रच लागतं. म्हणजे या प्राण्यांच्या अभ्यासात चित्र हा पहिल्यापासून पुराव्याचा भाग आहे. आज चित्रकाराच्या जागी पाण्याखालचा कॅमेरा आला आहे आणि हे काम मुख्यतः हौशी डायव्हर करतात. त्यांच्या फोटोंबद्दल माझं ठाम मत असं, की शेंबी किती सुंदर दिसते यावर बंदरातल्या फोटोचं मोल ठरत नाही. ती कशावर बसली आहे, काय खाते आहे, जवळ तिची अंडी आहेत का, आणि हे नेमकं कुठे, कोणत्या तारखेला दिसलं, एवढं त्यात आलं तर तो फोटो पुरावा होतो.

या मताचा आधार शेंबीच्या खाण्यात आहे. समुद्री शेंबींमधला सगळ्यात मोठा गट न्यूडिब्रँकांचा. त्यांच्या सुमारे ३,००० जाती ज्ञात आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या मांसाहारी. पण मिळेल ते खाणाऱ्या त्यांच्यात थोड्याच. कोणाला स्पंज लागतो, कोणाला झुडपासारखे वाढणारे हायड्रॉइड, कोणाला ब्रायोझोआ नावाच्या सूक्ष्म जिवांच्या वसाहती, कोणाला मऊ प्रवाळ. कित्येक जाती तर एक-दोन प्रकारच्या स्पंजापलीकडे कशालाही तोंड लावत नाहीत. संरक्षणही या खाण्यातूनच येतं. क्रोमोडोरिस वंशातल्या जवळच्या जातींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पंजातून मिळणाऱ्या रसायनांपैकी लॅट्रनक्युलिन-ए हे एकच जहाल द्रव्य निवडून त्या सगळ्या जाती शरीराच्या कडेला साठवतात, असं त्यात दिसलं. हायड्रॉइड खाणाऱ्या शेंबी तर त्यांच्या डंखपेशी न पचवता पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाशी नेऊन ठेवतात आणि शत्रूवर वापरतात. बहुतेक जातींचं आयुष्य वर्षभराचं किंवा त्याहूनही कमी. पुष्कळ जातींची अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात. फेस्टिला या प्रवाळ खाणाऱ्या शेंबीवर हवाई बेटांवर झालेल्या प्रयोगांनी दाखवलं, की पाण्यात आपल्या खाद्याची रासायनिक खूण लागली की पिल्लू तळाला बसतं आणि रूप पालटून शेंबी होतं. ठरावीक खाद्य, छोटं आयुष्य आणि वाहती पिल्लं या तिन्ही गोष्टी एकत्र घेतल्या, तर खडकावर दिसलेली एक शेंबी बरंच काही सांगते. तिचं खाद्य इथे वाढतं आहे, आणि गेल्या काही महिन्यांत पाण्याने तिला इथे आणलं आहे किंवा इथेच जन्म दिला आहे. दीर्घायुषी मासा किंवा प्रवाळाची जुनी वसाहत अशी ताजी बातमी देऊ शकत नाही.

यावर पहिला आक्षेप जागेचा. निसर्ग पाहायचा तर बंदरात कशाला, प्रवाळबेटांवर जावं, असं अनेकांना वाटतं; आणि बंदरं स्वच्छ असतात असं मीही म्हणणार नाही. सिडनी बंदराच्या तळातल्या गाळात कारखान्यांनी सोडलेले जड धातू आणि डायॉक्सिन आहेत. त्यापायी २००६ मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, आणि हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला मासा खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. पण त्याच बंदरातल्या चाउडर बे भागात पोहण्यासाठी लावलेली जाळी, धक्क्याचे खांब आणि दोरखंड पाहा. त्यांवर स्पंज, हायड्रॉइड, ब्रायोझोआ आणि समुद्रपिचकाऱ्यांचा जाड थर असतो, कारण चिकटून जगणाऱ्या या जिवांना टणक आधार आणि खेळतं पाणी लागतं आणि धक्का दोन्ही पुरवतो. म्हणजे बंदर बांधताना माणूस नकळत शेंबीचं ताट वाढून ठेवतो. शिवाय जहाजांच्या तळाला चिकटून दूरदेशीचे जीव आधी बंदरातच उतरतात. तळाला लावलेल्या तांब्याच्या रंगालाही काही ब्रायोझोआ दाद देत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर त्यांना खाणाऱ्या शेंबी प्रवास करतात. पॉलिसेरा कॅपेन्सिसचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. ही दक्षिण आफ्रिकेच्या केपची शेंबी, तिकडे १८२४ मध्येच वर्णन झालेली, बुगुला या ब्रायोझोआवर जगणारी. सिडनीत ती सापडली तेव्हा जॉयस अ‍ॅलन यांनी १९३२ मध्ये तिला नवी जात समजून पॉलिसेरा कॉन्स्पिक्युआ असं नाव दिलं. पुढे दोन्ही एकच निघाल्या. ती जहाजांबरोबर आली असावी हे अनुमान पटतं ते तिच्या खाद्यामुळे, कारण बुगुला जहाजांच्या तळांवर जगभर फिरते. पाहुणा कोण आणि मूळचा कोण, हे ठरवायला बंदरच पाहावं लागतं.

शोधायचं कसं, याचं उत्तर वरच्या सगळ्यातून आपोआप निघतं. शेंबी शोधू नये, तिचं खाद्य शोधावं. बंदरातल्या बहुतेक शेंबी एक ते तीन सेंटिमीटरच्या, काही तर तांदळाच्या दाण्याहून लहान. आणि खाद्याचाच रंग चढलेली शेंबी दोन फुटांवरूनही दिसत नाही. म्हणून डोळा स्पंजावर ठेवायचा आणि त्यावरचे कुरतडलेले फिके चट्टे बघायचे. हायड्रॉइडचं झुडूप टोकांकडून बोडकं झालेलं दिसलं तर थांबायचं. सगळ्यात भरवशाची खूण अंड्यांची. न्यूडिब्रँक बहुधा गुंडाळलेल्या फितीसारखी अंडी घालतात, ती पांढरी, पिवळी किंवा गुलाबी असतात आणि पुष्कळदा शेंबीपेक्षा आधी नजरेत भरतात. पाण्याची वेळही साधावी लागते. सिडनीपासून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला पोर्ट स्टीफन्स हे विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे. त्यातल्या नेल्सन बे गावाजवळच्या फ्लाय पॉइंट आणि पाइपलाइन या जागा शेंबींसाठी डायव्हरांमध्ये प्रसिद्ध. तिथे भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं तेव्हाच उतरतात. एक तर एरवी ओढ फार असते, आणि दुसरं म्हणजे भरतीने समुद्राचं नितळ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी लागली की आतला गढूळपणा बाहेर निघतो आणि फोटोचं काम संपतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. महागडा संच नसला तरी चालतं. जवळून टिपणारा साधा जलरोधक कॅमेराही पुरतो. पण प्रकाश सोबत न्यावा लागतो, कारण पाणी लाल रंग आधी शोषतं आणि काही मीटर खाली लाल शेंबी काळपट दिसते. बंदराच्या पाण्यात तरंगते कण भरपूर. फ्लॅश कॅमेऱ्याच्या नाकासमोरून मारला तर प्रत्येक कण चमकतो आणि फोटोवर बर्फ पडल्यासारखं होतं. फ्लॅश बाजूला धरून किंचित बाहेर वळवला आणि विषयाच्या शक्य तितकं जवळ गेलं की हे बरंच टळतं. खरा वाद चौकटीबद्दल आहे. स्पर्धांमध्ये बक्षीस मिळवणारा शेंबीचा फोटो हल्ली बहुधा काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर असतो. भिंगाचं छिद्र बारीक करून किंवा प्रकाशाचा झोत आवळून सगळा परिसर गडप केलेला असतो, आणि समोरून टिपलेली दोन शिंगं तेवढी झळकतात. छायाचित्रकलेत याला जागा आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण त्या फोटोतून शेंबी कोणत्या समुद्रातली, कोणत्या खडकावरची, उपाशी की खाणारी, काहीच कळत नाही. नोंदीसाठी काढायचा तर एक फोटो सरळ वरून हवा, म्हणजे पाठीवरची नक्षी, कडेची किनार आणि कल्ल्यांचा झुपका एकत्र येतो. एक बाजूने हवा, आणि एक थोडा मागे सरून, ज्यात ती जिथे बसली आहे तो स्पंज किंवा ते झुडूप ओळखू येईल. आणि पाण्यात उतरण्याआधी कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघावं. चुकीची तारीख पडलेला फोटो नोंद म्हणून निरुपयोगीच नाही, दिशाभूल करणारा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो शास्त्रज्ञांकडूनच येतो. फोटोवरून जात ओळखता येते का? अनेकदा येत नाही. सिडनीच्या पाण्यात गोनिओब्रँकस स्प्लेन्डिडस आणि हिप्सेलोडोरिस बेनेटी या दोन्ही शेंबी राहतात. दोन्ही अँगसनेच १८६४ मध्ये वर्णन केलेल्या, दोन्ही पांढरट, लाल ठिपक्यांच्या, कडेला पिवळी किनार असलेल्या, पण वंश वेगवेगळे. विषारी प्राण्यांनी एकच इशारा वापरला तर शिकारी लवकर शिकतात, म्हणून निरनिराळ्या वंशांत सारखे रंग उमटतात. याउलट एकाच जातीत ठिपके कमीजास्त असतात. २०१७ च्या एका अभ्यासात स्प्लेन्डिडसचे ठिपके जागोजागी बदलत असले तरी पिवळी किनार कायम राहते, आणि मासे शिकताना त्या किनारीकडेच लक्ष देतात असं आढळलं. म्हणजे माणसाच्या डोळ्यात भरणारी खूण माशाला महत्त्वाची असेलच असं नाही. अशा परिस्थितीत नुसत्या रंगावरून नाव देणं धोक्याचं, हे मान्यच करायला हवं.

तरी या आक्षेपातून फोटो निरुपयोगी ठरतात हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचं कारण पुन्हा अँगसच्याच एका शेंबीत आहे. टेरिओलिडिया आयँथिना ही लांबलचक, निळसर-जांभळी, पाठीवर उंचवट्यांच्या रांगा असलेली शेंबी. हायड्रॉइड खाताना त्यांतलं प्रकाशसंश्लेषी शैवाल ती जिवंत ठेवते आणि स्वतःच्या अंगात वाढवते. तिच्यातल्या या शैवालावर ओव्ह हो-गुल्डबर्ग आणि रोझलिंड हिंद यांचे सिडनीतले अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच हो-गुल्डबर्ग पुढे प्रवाळ पांढरे पडण्यावरच्या कामासाठी जगभर ओळखले गेले. हिंद-प्रशांत महासागरात कुठेही निळी लांब शेंबी दिसली की तिला आयँथिना म्हणायची पद्धत दीर्घकाळ होती. २०१५ मध्ये नेरिडा विल्सन आणि इंगो बुर्गहार्ट यांनी जनुकांवरून दाखवलं की या नावाखाली एकाहून अधिक जाती आहेत. खरी आयँथिना न्यू साउथ वेल्सच्या समशीतोष्ण पाण्यातली, उष्ण प्रदेशात पसरलेली ती वेगळी, टेरिओलिडिया सेम्पेरी. मग आधीच्या असंख्य फोटोंचं काय झालं? ज्यांच्यासोबत जागा लिहिलेली होती त्यांचं नाव एका बैठकीत दुरुस्त करता येण्याजोगं होतं. इंडोनेशियातली असेल तर सेम्पेरी, सिडनीतली असेल तर बहुधा आयँथिना. जागा नसलेला फोटो, कितीही देखणा असो, कुठल्याच कप्प्यात बसत नाही. नाव ही अभ्यासाची त्या क्षणीची समजूत असते आणि ती बदलत राहते. जागा, तारीख आणि खाद्य ही निरीक्षणं आहेत. म्हणून ओळख चुकण्याच्या शक्यतेवर उपाय फोटो थांबवणं हा नाही, फोटोत निरीक्षण भरणं हा आहे. नव्या जातीचं वर्णन करायला नमुना लागतोच, ते काम फोटोचं नव्हेच.

असे फोटो एकत्र आले तर काय घडतं, हे नेल्सन बेने दाखवून दिलं आहे. सदर्न क्रॉस विद्यापीठाचे स्टीव्ह स्मिथ यांनी २०१३ मध्ये तिथे स्थानिक डायव्हरांच्या साथीने समुद्री शेंबींची गणना सुरू केली. ठरलेल्या दिवसांत जमेल तेवढ्यांनी पाण्यात उतरायचं, दिसेल ती शेंबी टिपायची, फोटो जमा करायचे, ओळख तज्ज्ञांनी तपासायची. ही पद्धत पुढे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी पोहोचली. मॅट निम्ब्स आणि स्मिथ यांनी २०१८ मध्ये अशा नोंदींच्या मदतीने उष्ण प्रदेशातल्या अनेक शेंबी दक्षिणेकडे, टास्मान समुद्रात, त्यांच्या ज्ञात हद्दीपलीकडे पोहोचल्याचं मांडलं. पूर्व ऑस्ट्रेलियाचा प्रवाह उत्तरेचं कोमट पाणी आणि त्यातली पिल्लं दक्षिणेला नेतो, आणि तिथला समुद्र तापतो आहे, ही त्यामागची सर्वात सयुक्तिक कारणं.

इथे एक रास्त शंका येते. शेंबी खरंच सरकली, की पाहणारे डोळे वाढले म्हणून दिसली? हौशी लोक सुट्टीच्या दिवशी, स्वच्छ पाण्यात, रंगीत जातींमागे जातात, हे खरं आहे. दोन-तीन मिलिमीटरची करडी शेंबी गेल्या वर्षी प्रथम दिसली तर तिच्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ती शंभर वर्षं तिथेच असू शकते. पण न्यू साउथ वेल्सच्या पाण्यात अँगसच्या काळापासून लोक बघत आले आहेत. बोटभर लांबीची, भडक रंगाची शेंबी दीडशे वर्षं सगळ्यांच्या नजरेतून निसटली, हे मानणं कठीण. गणनेचे दिवस ठरलेले असतात याचाही फायदा होतो. किती जण किती वेळ पाण्यात होते हे नोंदवलं तर दोन वर्षांची तुलना करता येते, आणि काही न दिसणं हीसुद्धा नोंद ठरते. त्याहून निर्णायक गोष्ट पुन्हा चौकटीत सापडते. प्रवाहाने वाहून आणलेली एकटीदुकटी शेंबी हिवाळ्यात मरून जाते. तिच्यामुळे जातीची हद्द बदलत नाही. तिच्याशेजारी तिची अंडी आणि खालचा कुरतडलेला स्पंज दिसला, आणि हे सगळं दुसऱ्या वर्षीही दिसलं, तर ती तिथे नांदू लागली असं म्हणता येतं. कॅलिफोर्नियात २०१५ च्या उबदार पाण्यात गुलाबी ओकेनिया रोझासिया नेहमीच्या जागेच्या बरीच उत्तरेला मोठ्या संख्येने दिसली. तिथे ही गोष्ट इतक्या खात्रीने सांगता आली, कारण त्या किनाऱ्यांवर कित्येक दशकं मोजणी होत होती.

फोटोच्या नादात प्राण्यांचं नुकसान होतं, हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो बव्हंशी खरा आहे. चांगल्या कोनासाठी शेंबी उचलून उघड्या फांदीवर ठेवणारे आहेत, आणि स्पंजावरून काढलेली शेंबी पुन्हा खाद्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. फ्लॅशबद्दल मात्र भीती जरा अतिरेकी आहे. तळाशी राहणाऱ्या समुद्रघोड्यांसारख्या माशांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या फ्लॅशपेक्षा हात लावण्याचा परिणाम कितीतरी जास्त आढळला. न्यूडिब्रँकच्या डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नाही. तेव्हा चिंता हाताची, गुडघ्याची आणि पायातल्या फिन्सची करावी, कारण शेंबीहून जास्त मोडतोड तिच्या खाद्याची होते. खाद्यासकट फोटो काढायचा असं एकदा ठरलं, की शेंबी हलवण्याचं कारणच उरत नाही.

बंदरातल्या शेंबी नोंदवण्याच्या या कामाचा मुंबईशी थेट संबंध आहे. गोनिओब्रँकस बॉम्बेयानस या शेंबीच्या नावातच हे शहर आहे. विंकवर्थ यांनी तिचं वर्णन १९४६ मध्ये केलं. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट ओहोटीला हाजी अली, गिरगाव, कार्टर रोड, जुहू अशा किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातो आणि शेंबींसह शेकडो जिवांचे फोटो जागा-तारखेसह खुल्या नोंदसंचात जमा झाले आहेत. इथे पाण्यात उतरायची गरज नाही. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर पाच मीटरच्या आसपास जातं आणि खडक तास-दोन तास उघडे पडतात. तेवढ्या वेळात डबक्यांतल्या स्पंजावर आणि हायड्रॉइडवर शेंबी सापडतात. डबक्यात सावली नको, तिरपा उजेड हवा, आणि पाय कोरड्या खडकावर पडावा. पण हे सगळे किनारे शहराच्या पश्चिमेचे. खरं बंदर पूर्वेला आहे. ससून डॉक, भाऊचा धक्का, माझगाव, शिवडी आणि समोरच्या बाजूला घारापुरी, उरण, करंजा. त्या पाण्यात गाळ इतका की हात लांब केला तर दिसत नाही, आणि गोदीत आणि नौदलाच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. तरी काम अशक्य नाही. मच्छीमारांचे जुने दोर, बोया आणि दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांचे तळ यांवरची वाढ उन्हात सुकण्याआधी बशीभर समुद्राच्या पाण्यात ठेवून तपासता येते, आणि फोटो तिथेच निघतो. केपची पॉलिसेरा ज्या बुगुलावर बसून सिडनीला पोहोचली असावी, तसा ब्रायोझोआ जहाजांच्या तळावर इथेही येतो. त्याच्यावर कोणकोण उतरलं आहे, हे पूर्वेच्या धक्क्यांवरूनच कळेल. ही नोंद होईपर्यंत पाणी थांबत नाही. कोस्टल रोडच्या कामापायी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. तिथे प्रवाळ आहेत हे नोंदलेलं होतं म्हणून तेवढं तरी झालं. प्रवाळाभोवतीचे स्पंज, हायड्रॉइड आणि त्यांवरच्या शेंबी मोजून हलवायला कोणी गेलं नाही, आणि बांधकामाच्या परवानग्या ठरतात त्या कागदांत त्यांना आणायचं तर प्रत्येक फोटोमागे एक खडक आणि एक तारीख लागेल.